विरोध : एक

सुलेखा रणदिवेने अमेरिका पाहिलेली नाही. तिचा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याने दोन-तीनदा बोलावलं, ही गेली नाही. "बघायचं काय तिथं? घटना काही चौकात उभी नसते," म्हणाली. आणि तरीही मिरजेकडच्या एका कॉलेजात बीएच्या मुलांना तिने तीस-एक वर्षं अमेरिकेची राज्यघटना शिकवली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना तालुक्याच्या पलीकडचं काही ठाऊक नसायचं. त्यांना ती विचारायची, "पंगतीत किती माणसं राबतात?" मुलं म्हणायची, आचारी आणि वाढपी. "आणि तिसरा? मीठ कमी आहे म्हणून ओरडणारा? तो कुठे गेला?" मुलं हसायची. मग ही सांगायची, की रांधणारा वेगळा, वाढणारा वेगळा, आणि चव बिघडली हे सांगणारा तिसरा. कायदा करणारे, कायदा राबवणारे आणि कायदा मोडला की नाही ते बघणारे. तिन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की तो आधी स्वतःचं पान वाढून घेतो.

मी स्वतः रसायनशास्त्राची. राज्यशास्त्राला आम्ही विज्ञानवाल्या कधी शास्त्र समजलोच नाही. हे मी सुलेखाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे सविता, तुमचं सोडियम जन्मभर सोडियमच राहतं. आमचा माणूस खुर्चीत बसला की बदलतो. म्हणून आमचं अवघड." तेव्हापासून आमचं जमलं.

आम्ही दोघी इथे परदेशात, यिशुन नावाच्या उपनगरात राहतो, समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये. ती लेकीकडे, मी मुलाकडे. रोज सकाळी तळ्याभोवती चालायचं आणि नंतर खालच्या कॉफीशॉपमध्ये बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायची. तिथल्या अंकलने तिला "टीचर" असं नाव ठेवलंय, कारण तिचं इंग्रजी पुस्तकातलं आहे आणि ती त्याच्याशीही पूर्ण वाक्यांत बोलते.

मॅडिसनला ती "आपला बुटका" म्हणते. ज्याने त्या घटनेच्या घडणीत सगळ्यात जास्त डोकं घातलं, तो अंगाने किरकोळ आणि आवाजाने बारीक होता म्हणे. सभेत मागच्यांना ऐकूच जायचं नाही. सुलेखाही पाच फुटांच्या आतलीच, त्यामुळे तिला त्याचं फार कौतुक. मी एकदा म्हटलं, "तुझ्या त्या बुटक्याने गुलाम बाळगले होते ना?" मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "होते की. स्वातंत्र्यावर लिहायचा आणि घरात माणसं विकत घेतलेली. म्हणून तर म्हणते, माणसाच्या चांगुलपणावर राज्य सोडू नये. त्यालाही ते कळत होतं, स्वतःवरूनच कळत असणार. म्हणून त्याने प्रत्येकाच्या पायात दुसऱ्याचा पाय अडकवून ठेवला. राष्ट्राध्यक्ष कायदा अडवू शकतो, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश झाले की त्याचंही चालत नाही. न्यायाधीश नेमायचा त्याने, पण सेनेटने हो म्हटल्याशिवाय नाही. आणि एकदा नेमला की मात्र काढता येत नाही."

"काढताच येत नाही?"

"गैरवर्तन सिद्ध करून, महाभियोग चालवून, तेव्हा. नाहीतर मरेपर्यंत. पगारसुद्धा कमी करता येत नाही. का सांग?"

मला शिकवणी नको होती, मी कोपी पीत राहिले. तिनेच उत्तर दिलं. "ज्याच्या हातून भाकरी खायची त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा असतो, म्हणून."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ती किंमत मोजलेली बाई आहे, हेही सांगते. कॉलेजात असताना एकदा प्राचार्यांना मुदतवाढ द्यावी असा ठराव प्राध्यापकांच्या सभेत आला. प्राचार्य दारातच उभे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिने हात वर करून "माझा विरोध" म्हटलं. पुढची कित्येक वर्षं हिला सकाळी सातचा तास लागला. मनोहरराव, तिचे यजमान, पाणीपुरवठा खात्यात होते, शांत माणूस. ते पहाटे उठून चहा करायचे आणि म्हणायचे, "घे, लोकशाहीचा चहा." ते गेल्यावर २०११ साली मीनलने आईला इकडे आणलं.

मीनल लेक. जावई प्रबोध सबनीस, तांजोंग पगारला एका फायनान्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दोघं इथले पर्मनंट रेसिडेंट. नात ऋता. फ्लॅट चांगला, पाचव्या मजल्यावर, हवेशीर. सुलेखाला स्वतःची खोली. आणि आम्हा म्हाताऱ्यांना इथे राहायला लागतो तो पास, मुलांच्या जबाबदारीवर मिळणारा, ठरावीक मुदतीचा. मुदत संपत आली की मुलांनी पुन्हा अर्ज करायचा. त्यांनी केला तर राहायचं, नाही केला तर विमानात बसायचं. यात कुणी वाईट नसतं. पण ते असं आहे. सबनिसांच्या घरी पास मीनलच्या नावावर असला तरी असले सगळे अर्ज प्रबोधच भरायचा. मीनलला ते ऑनलाइन प्रकरण झेपत नाही, असं ती म्हणते. मला वाटतं, नवऱ्याने केलेलं तिला आवडतं.

तर, सहवास.

यिशुन आणि आजूबाजूच्या मराठी कुटुंबांचं आमचं छोटं मंडळ, नाव सहवास. गणपती, दिवाळीचा फराळ, शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग. इथे कुठलीही संस्था काढायची तर नोंदणी करावी लागते आणि नोंदणीला लेखी घटना लागते. २०११ मध्येच हे निघालं. सुलेखा नुकतीच आलेली, दिवसभर खिडकीत बसायची. प्रबोधच म्हणाला होता, "आई, तुम्ही आयुष्यभर घटना शिकवलीत, आमची लिहून द्या." ती इतकी खूश झाली की तिने त्या रात्री जेवताना बुटक्यावर भाषण दिलं. नमुन्याचा मसुदा मिळतो, त्यावरच काम भागलं असतं. पण हिने त्यात आपलं एक कलम घातलं. अध्यक्ष सलग दोनच मुदती, मुदत दोन वर्षांची. प्रबोधने ते वाचून टाळी दिली होती. "वॉशिंग्टन स्टाइल! मस्त!"

पहिले अध्यक्ष निशिकांत. त्यांची बदली झाली, ते एकाच मुदतीनंतर गेले. मग प्रबोध अध्यक्ष झाला, २०१३ मध्ये, आणि पुन्हा २०१५ मध्ये. आणि खरं सांगायचं तर तो उत्तम अध्यक्ष होता. कम्युनिटी क्लबची खोली त्याने मिळवली, शनिवारचा वर्ग त्याने उभा केला. गणपतीत कोण रुसलंय, कोणाला आरतीचं ताट द्यायचं, सगळं त्याच्या डोक्यात. मीही त्याच्यावर खूश होते. २०१७ उजाडलं तेव्हा पुढे कोण, हा प्रश्न आला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला नको होतं. तेव्हा सेक्रेटरी अंकुरने तोडगा काढला. घटना दुरुस्त करू, ते दोन मुदतींचं कलम काढून टाकू.

वार्षिक सभेची विषयपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. दुसऱ्या दिवशी तळ्यावर सुलेखाने चालता चालता फोन माझ्या नाकासमोर धरला.

"वाच."

"चष्मा नाही माझा."

"मग ऐक. ठराव पाचवा. घटनेतील मुदतीचे कलम वगळणे. सूचक, अंकुर. अनुमोदक, श्रीमती सुलेखा रणदिवे."

मी थांबले. "तू अनुमोदन दिलंस?"

"मला विचारलंसुद्धा नाही!"

हे फक्त आपल्यातच होऊ शकतं. अंकुरने काही कपट केलेलं नव्हतं. त्याला वाटलं, कलम आजींनी लिहिलं, तर ते काढायला अनुमोदनही आजींचं असलं म्हणजे शोभेल. मान राहील. शिवाय अध्यक्षांच्या सासूबाई, नाही कशाला म्हणतील? आपल्याकडे ज्येष्ठांना असाच मान देतात. आमंत्रणपत्रिकेत आशीर्वाद म्हणून नाव छापतात, आशीर्वाद विचारून घेत नाहीत.

तिने अंकुरला तिथूनच फोन लावला. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आजी, अहो फॉर्मॅलिटी आहे. सर्वानुमतेच होणार आहे."

"सभा व्हायच्या आधीच तुला कसं कळलं?"

"म्हणजे... दरवर्षी होतं तसंच. मी इतिवृत्त टाइपसुद्धा करून ठेवलंय, नंतर वेळ मिळत नाही ना. फक्त उपस्थिती भरायची."

सुलेखा हसायला लागली. तिचं ते हसणं चांगलं नसतं. "वा रे अंकुर! सभा व्हायची आहे आणि इतिवृत्त तयार. मग आम्ही कशाला यायचं? वडे खायला?"

"वडे आहेतच, आजी."

घरी त्या संध्याकाळी जे झालं ते मला मीनलने सांगितलं. ती माझ्याकडे आली, डोळे लाल. "मावशी, तुम्ही तरी आईला समजवा. सभेत उभी राहून विरोध करणार म्हणते. नवऱ्याच्या विरोधात माझी आई! लोक काय म्हणतील? आणि पुढच्या महिन्यात तिचा पास रिन्यू करायचाय. हिला आत्ताच सुचायचं होतं?"

"पासाचं प्रबोध बोलला का काही?"

"ते कधी बोलतील का! पण मला कळतं ना. त्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलं. आई मात्र थांबेना."

बोलणं असं झालं म्हणे. प्रबोध म्हणाला, "आई, मी काम वाईट करतोय का?"

"उत्तम करताय."

"मग?"

"प्रबोधराव, वाईट माणसाला घालवायला कलम लागत नाही, त्याला लोकच घालवतात. हे कलम चांगल्या माणसासाठीच आहे. चांगल्याला कोणी जा म्हणत नाही, आणि मग तो गेल्यावर कोणालाच काही येत नाही."

"पण दुसरं कोणी तयार नाही!"

"तुम्ही बसलात म्हणून कोणी तयार नाही. वॉशिंग्टन दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने घरचा रस्ता धरला. लोक पुन्हा उभा राहा म्हणत होते. लेखी नियम नव्हता, तरी पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लोकांनी तो पाळला. मग एकजण चार वेळा निवडून आला. कर्तबगार होता. पण नियम कागदावर कधी आला? तो वारल्यावर. जिवंत चांगल्या माणसाच्या तोंडावर कोणी बोलत नाही, हे तुम्ही लक्षात घ्या."

त्यावर ऋता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, इट्स ओन्ली गणपती लाह." आणि सगळे हसले, सुलेखा सोडून. तिने नातीला सांगितलं, "गणपतीत जे शिकाल तेच मोठं झाल्यावर कराल."

मी दुसऱ्या दिवशी सुलेखाला झापलं. मी काही तिच्या बाजूची नव्हते. "तू फार ताणतेयस," म्हटलं, "ही अमेरिका नाही, पन्नास घरांचं मंडळ आहे. प्रबोध चांगला आहे, त्याला करू दे. मी त्याच्या बाजूने मत देणार आहे, आत्ताच सांगते."

"दे ना. कोण नको म्हणतंय? मला जिंकायचं कुठे आहे?"

"मग कशासाठी हा तमाशा?"

"त्या कागदावर लिहिलंय की मी अनुमोदन दिलं. आणि सगळे एकमताचे होते. दोन्ही खोटं आहे. मला फक्त ते खरं करायचंय."

"आणि पास?"

ती चालायची थांबली. तळ्याच्या कठड्याला टेकली. "त्याचाच विचार केला रात्री. न्यायाधीशाला आजन्म नेमणूक असते म्हणून तो बोलतो. मला कुठे आहे? मी जावयाच्या घरात, जावयाने भरलेल्या अर्जावर. घाबरले, खोटं कशाला सांगू? मग म्हटलं, न्यायाधीशांना घटनेने सोय करून दिलीय, आपण आपली करावी." आणि ती चक्क प्रसन्न हसली. "बॅग भरली मी. दाराशी ठेवलीय. मिरजेचा फ्लॅट आहेच, शेजारणीला साफ करून ठेव म्हणून सांगितलंय."

"रुसून चाललीस?"

"छे! जायचं कुठे आहे मला? मला राहायचंय. ऋता आहे, मीनल आहे, हा तलाव आहे, तू आहेस डोकं खायला. पण जाता येतं, एवढं हातात असलं की मग राहून बोलता येतं. त्या बॅगेकडे बघितलं की माझा आवाज बारीक होत नाही, बघ."

मला तिचा राग आला आणि मी तिला तिथेच सोडून पुढे चालायला लागले. असं क्वचित होतं.

सभा रविवारी, कम्युनिटी क्लबच्या खोलीत. इथले लोक एसी असा लावतात की शाल घेऊन जावी लागते. मागच्या टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवलेले. अर्धं लक्ष सगळ्यांचं तिकडे, उरलेलं मुलांच्या स्विमिंग क्लासच्या वेळेकडे. पहिले चार ठराव "मंजूर, मंजूर" करत गेले. पाचवा आला. अंकुरने वाचला, अनुमोदक म्हणून नाव घेतलं आणि सुलेखाकडे बघून नमस्कारासारखे हात केले. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचललेच होते.

सुलेखा उभी राहिली. उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसते, म्हणून मागच्यांना कळलं नाही. ती म्हणाली, "अध्यक्ष महाराज."

टाळ्या अडकल्या. प्रबोध समोर बसलेला. घरात ती त्याला प्रबोधराव म्हणते, इथे अध्यक्ष महाराज म्हणाली. त्यालाही सरळ होऊन बसावं लागलं.

"या ठरावाला माझं अनुमोदन नाही. मला कोणी विचारलेलं नाही. माझं नाव काढावं."

अंकुर लाल झाला. "आजी, सॉरी, मला वाटलं..."

"तुला वाटलं ते चांगल्या मनाने वाटलं. नाव काढ."

आता अनुमोदक नाही म्हटल्यावर ठराव तिथेच पडतो. पण लगेच तुआसचा प्रताप उभा राहिला, जहाजांच्या यार्डात इंजिनियर आहे, मोठा आवाज. "माझं अनुमोदन! चला, पुढे चला, वडे गार होतायत!" हशा पिकला.

"ठीक," सुलेखा म्हणाली, "आता मी या ठरावाला विरोध करते." तिने कारण सांगितलं. घरी सांगितलेलंच, पण कमी शब्दांत. शेवटी म्हणाली, "घटना बदलता आली पाहिजे. तिला दार हवंच. पण ज्याच्या सोयीचं आहे तोच अध्यक्षस्थानी बसलेला असताना ते दार उघडू नये. मत घ्या. टाळ्या नको, हात वर करून घ्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "घरचं भांडण घरी मिटवा ना, काकू." जरा जास्तच मोठ्याने. मीनल खाली बघायला लागली. सुलेखाने मागे वळून त्या माणसाला शोधलं. "घरी भांडण नाही. घरी त्यांच्या ताटात मी पहिली पोळी वाढते. म्हणूनच इथे बोलते. ज्याच्याशी भांडण आहे त्याला विरोध करायला काय लागतं?"

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने जवळजवळ सगळे. माझाही. मी आधी सांगितलं होतं, तसंच केलं. मीनलने डोळे मिटून हात वर केला. काही जणांनी कुठेच केला नाही, ते मोबाइलमध्ये बघत होते. विरोधात हात एकच, शालीतून बाहेर आलेला, आणि तो लवकर खाली गेला नाही.

"मंजूर," प्रबोध म्हणाला. आवाज कोरडा होता.

अंकुरने लॅपटॉप ओढला. "मग सर्वानुमते..."

"सर्वानुमते नाही," सुलेखा अजून उभीच होती.

"आजी, ठराव पास झाला. आता काय राहिलं? रजिस्ट्रारकडे पाठवायचंय, सर्वानुमते असलं की बरं दिसतं. आपल्या मंडळाची एकी दिसते."

"एकी दिसते म्हणून खोटं लिहायचं? अंकुर, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सगळे न्यायाधीश एकीकडे गेले आणि एकच उरला, तरी त्या एकाचं मत निकालासोबत छापतात. अठराशे शहाण्णव साली काळ्यांना रेल्वेत वेगळा डबा, हे घटनेला धरून आहे असं सातांनी सांगितलं. आठव्याने नाही म्हटलं. तो एकटा, आणि गुलाम बाळगणाऱ्या घरातलाच. त्या दिवशी तो हरला. त्याचं मत काढून तिथे सर्वानुमते लिहिलं असतं तर कागद सुंदर दिसला असता. अठ्ठावन्न वर्षांनी त्याच कोर्टाने शाळांच्या बाबतीत उलटा निकाल दिला, तेव्हा त्याचं म्हणणं खरं ठरलं. मला अठ्ठावन्न वर्षं नाहीत. कागदाला आहेत."

"बापरे, आपण सुप्रीम कोर्ट!" प्रताप म्हणाला. कुणी हसलं, कुणी म्हणालं, अरे लिहून टाक रे, संपवू दे. कुणी म्हणालं, एका मताने काय होतं, सोडा हो काकू. आणि इथे मात्र मला राहवेना. मी ठरावाच्या बाजूची, पण म्हणून चाचणीचा निकाल बदलायचा? प्रयोगात निळा रंग आला तर निळाच लिहायचा, बाकी नऊ नळ्या लाल का असेनात. मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "मी बाजूने मत दिलंय. तरी विरोध लिहा. झालं ते लिहायला काय जातं तुमचं?"

प्रबोध उठला. त्याचे कान तापले होते, मला दिसत होते. क्षणभर वाटलं, हा आता सभा संपवून वड्यांकडे बोट दाखवणार. तसं केलं असतं तरी कोणी अडवलं नसतं. तो सासूकडे बघत राहिला. मग वळून म्हणाला, "अंकुर, सर्वानुमते खोड. बहुमताने मंजूर, असं लिही. विरोध, एक."

"नाव घालू?"

"नाव?" प्रबोधने सुलेखाकडे पाहिलं.

"घालायचं तर," ती म्हणाली. "निनावी विरोध म्हणजे तक्रारपेटीतली चिठ्ठी."

"घाल. श्रीमती सुलेखा रणदिवे." आणि मग, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण मी जवळ होते, "एका एल चा रणदिवे नाही, नीट लिही स्पेलिंग."

रणदिवेत एकही एल नाही. माणूस गोंधळला होता, दुसरं काही नाही.

वडे खरंच गार झाले होते. लोकांनी सुलेखाला वडा आणून द्यायचं टाळलं, तिने स्वतः उठून दोन घेतले.

घरी दाराशी ती बॅग होती. निळी, चाकांची. प्रबोधला ती सकाळी निघताना दिसली असणारच, तेव्हा वळसा घालून गेला असणार. परत आल्यावर बुटांसाठी वाकला आणि म्हणाला, "आई, ही बॅग वाटेत आहे."

"वाटेतच राहू दे. तुमची तिसरी मुदत संपेपर्यंत."

"पासाचा अर्ज भरायचाय मला. तुमचा नवा फोटो लागेल."

"काढते उद्या. पण बॅग तिथेच."

हे मीनलने मला हसत हसत सांगितलं, आणि सांगताना तिला रडूही येत होतं. दोन आठवडे प्रबोध सासूशी कामापुरतंच बोलला. अर्ज मात्र भरला. पास आला. बॅग हलली नाही. पाहुणे अडखळायचे, ऋता तिच्यावर बसून शाळेचे मोजे चढवायची. एकदा मीनलने उचलून खोलीत नेली तर सुलेखाने संध्याकाळी परत आणून ठेवली. मी एकदा उचलून बघितली. रिकामी नव्हती. साड्या होत्या, औषधं होती, मनोहररावांचा चहाचा कप होता कागदात गुंडाळलेला.

तिसरी मुदत गेली. काम चालू होतं, पण आता प्रबोधला कुणाला विचारायची सवय राहिली नव्हती. शनिवारचा वर्ग त्याने एक दिवस रविवारी केला, सोयीचं पडतं म्हणून. त्याच्या सोयीचं. दिवाळीचा फराळ यिशुनऐवजी तांजोंग पगारच्या एका हॉलमध्ये ठेवला, तिथे म्हाताऱ्यांनी दोन गाड्या बदलून जायचं. भांडण कशावरच झालं नाही. सगळं "मंजूर, मंजूर" होत गेलं.

२०१९ च्या सभेत प्रबोधचं नाव चौथ्यांदा आलं. कलम नव्हतंच आता अडवायला. अंकुरने या वेळी इतिवृत्त आधी टाइप करून आणलं नव्हतं, एवढं मी पाहिलं. तो म्हणाला, "हात वर करा." बाजूने हात आले, पुष्कळ आले. प्रबोध निवडून आला. मग अंकुरने विचारलं, "विरोधात?"

शालीतून एक हात वर झाला, तो सगळ्यांना अपेक्षितच होता. मग प्रतापचा झाला. मग शनिवारच्या वर्गातल्या दोन आयांचा. मग आणखी. अंकुर मान वर करून मोजत होता. त्यातला एक हात माझा होता. सुलेखाने पटवलं म्हणून नव्हे, तिचं सगळं मला अजूनही पटत नाही. मीठ कमी पडलं होतं, म्हणून.

मीनलने हात कुठेच केला नाही. डोळे मात्र उघडे होते.

"नावं घालायची?" अंकुरने विचारलं.

सुलेखा मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघत होती, बुटकी, शाल सावरत. "त्यांना विचार," ती म्हणाली. "प्रत्येकाला वेगवेगळं विचार."